डोळे न कोरलेला वाघ

कसबा बावड्यातला ख्वाजा मिस्त्री दरवाज्यांवर वेलबुट्टी कोरायचा. त्याच्या दुकानात आढ्याखाली एक सागवानी वाघाचं मुंडकं टांगलेलं होतं. त्याला डोळे नव्हते.

प्रियदर्शनी शेजारची. एम.ए. झाली, नोकरी लागली नाही, तेव्हापासून दुपारी दुकानात बसायची. वाघाची गोष्ट तिला पाठ होती. ख्वाजाचे पूर्वज कोकणात गलबतांच्या पुढच्या टोकाला असली मुंडकी कोरत. गलबत त्या मुंडक्याच्याच डोळ्यांनी वाट शोधतं, असं खलाशी मानत. म्हणून डोळे सगळ्यात शेवटी, गलबत पाण्याला टेकल्यावर.

"जमिनीवर डोळं उघडलं की वाघ जमिनीचा झाला," ख्वाजाचाचा सांगे. "पाण्यात त्यो आंधळाच."

आगबोटी आल्या. या वाघाचं गलबत अर्धवट राहिलं आणि मुंडकं घाट चढून बावड्यात आलं. चार पिढ्या तसंच.

आता काचबिंदूनं चाचाची नजर चालली होती. दिवाळीपर्यंत टिकेल, डॉक्टर म्हणाले. प्रियदर्शनीनं फोनाफोनी करून मालवणात लाकडी होडी बांधणारा एकजण शोधला. तो वाघ बसवायला तयार झाला. होडी सोमवारी पाण्यात उतरणार होती, आणि डोळे चाचा तिथंच कोरणार होता.

"तुझ्या शिक्षणाचा कायतरी उपयोग झाला की," चाचा म्हणाला.

रविवारी ती आली तेव्हा वाघ खाली उतरवलेला होता. चाचा त्याच्या तोंडावरून बोटं फिरवत होता. कपाळाखाली, डोळ्यांच्या जागी बोटं थांबली.

"तोहिद, हे कुणी केलं?"

"मीच," मुलगा म्हणाला. "मशीननं, छाप लावून. तुमचा हात थरथरतोय, अब्बा. चारचौघांत पटाशी सटकली असती. लोक हसलं असतं. तिथं नुसती पटाशी फिरवल्यासारखं करायचं, कुणाला कळतंय?"

चाचा चिडेल म्हणून ती थांबली. तो चिडला नाही.

"होडीवाल्याला फोन लाव, पोरी."

तिनं लावून दिला.

"पावणं, वाघ येत न्हाय. होडी थांबवू नगासा."

"चाचा, दुसरा कोरू या," ती म्हणाली.

"दिवाळी कधी हाय?"

दिवाळी तोंडावर आली होती. तोहिद फाटकापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

"डोळं कसं झाल्यात?" चाचानं विचारलं.

"चांगले. दोन्ही अगदी सारखे."

"बघतोय कुठं?"

खोटं बोलावं, असं तिच्या मनात आलं.

"भिंतीकडं."

"असू दे," चाचा म्हणाला, आणि पटाशा एकेक करून तेलाच्या फडक्यात गुंडाळू लागला.