आठ फौजी आणि शेवंतामायची रोवणी

गेल्या सोमवारी आमच्या मुर्री गावात धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, आठ फौजी अडकले... आणि मी चहाची किटली घेऊन बांधावर उभी.

हे आठही जण रिटायर झालेले. त्यांचे पुढारी आमच्या शेजारचे सुभेदार भाऊ. सव्वीस वर्षं नोकरी करून आले, पण घरात बसणं त्यांना जमतच नाही... कुणाचे निराधार पेन्शनचे कागद, कुणाला दवाखान्यात नेणं, पहाटे भरतीवाल्या पोरींकडून धावण्याचा सराव करून घेणं. वहिनी म्हणतात, फौजेत होते तेव्हा निदान सुट्टीत तरी घरी असायचे.

तर आमच्या गल्लीतल्या शेवंतामायचा पाय आषाढात मोडला. एकुलता एक मुलगा फौजेत, सीमेवर, रजा मिळाली नाही. सगळ्यांची रोवणी, म्हणजे भाताची लावणी, एकाच वेळी, त्यामुळे बाया मिळेनात... रोपं, म्हणजे आमचे पऱ्हे, जुने होऊन पिवळे पडायला लागले. आणखी चार दिवस गेले असते तर तिचं दीड एकर पडीत राहिलं असतं.

शेवंतामाय मला म्हणाली, यंदा राहू दे बाई, देवाच्या मनात नाही. मी देवाधर्माचं सगळं करणारी, पण हे काही मला देवाच्या मनातलं वाटेना. सुभेदार भाऊंना सांगितलं. त्यांनी रविवारी फोन फिरवले, आणि सोमवारी सकाळी सहाला आजूबाजूच्या गावांतले सात जुने जवान हजर.

आता आमच्याकडे रोवणी बायाच करतात. माणसं चिखल करतात, पऱ्ह्यांच्या पेंढ्या फेकतात आणि बांधावरून शहाणपण सांगतात... त्यामुळे भाऊंनी प्लॅन केला तो फौजेचा. चार जण या बांधाकडून, चार समोरच्या बांधाकडून, मधे गाठ. अर्ध्या वेळात काम फत्ते.

लावलेलं तुडवू नये म्हणून रोवणीत मागे मागे सरकायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं. एवढंच ठाऊक होतं. दोन्ही टोळ्या वाकून मागे सरकत आल्या आणि बरोबर मधोमध एकमेकांच्या पाठीला भिडल्या... चारी बाजूंनी नुकताच लावलेला धान. बाहेर पडायला वाट नाही.

शेवंतामाय बांधावर खाटेवर बसली होती, पायाला प्लास्टर. तिनं मान उंच करून बघितलं. मग म्हणाली, "सुभेदार, तिथं काऊन उभे राहिले जी? आता बाहेर कापनीलेच येता का?"

आणि अशी हसली की खाटेवरून पडते की काय... पाय मोडल्यापासून तिला हसताना मी पाहिलं नव्हतं. भाऊ गुडघाभर चिखलात ताठ उभे राहिले, तिला कडक सॅल्यूट ठोकला. "माय, आतापासून कमांड तुमची."

मग मायनं खाटेवरून हुकूम सोडले. आधी एकेकाला ओळींमधून पाय टाकत बाहेर काढलं. मग सगळे एकाच बांधाकडून, एका रांगेत... "कमरेतून वाका जी, बूड कायले टेकता?"

दुपारी शेजारच्या बांधीतल्या बाया आपलं काम आटोपून गंमत बघायला आल्या. पण राहवेना, त्याही उतरल्या. मग मीही साडी खोचली. श्रावणी सोमवारचा उपास होता, भूक आठवलीच नाही. एरवी माझा हात आखडता, पण त्या दिवशी किटलीत साखर मोकळ्या हातानं टाकली...

दिवस मावळायच्या आत दीड एकर हिरवं झालं. ओळी थोड्या वाकड्या आहेत, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला. मायनं फोन बांधीकडे धरला. कोणी केली रोवणी, त्यानं विचारलं. माय म्हणाली, "तुही पलटन आली होती ना बाबू."

सुभेदार भाऊ तोवर पाटात पाय धूत बायांना विचारत होते, अजून कुणाची राहिली आहे. असा माणूस देवानं आमच्या शेजारी दिला, हे आमच्या गल्लीचं भाग्य. रोज दिवा लावताना मी आता त्यांच्या कमरेसाठीही एक मागणं मागते.