सांडग्यांचं ऊन आणि माझी छाती

सगळ्यात आधी केतकीताईंचं नाव लिहिते. त्या नसत्या तर डॉक्टर काय सांगतायत ते मला कळलंच नसतं.

"ब्राँकियल अस्थमा," डॉक्टर म्हणाले. ताईंनी मराठीत सांगितलं, "दमा. श्वासनळ्या सुजून आवळल्यात." मी एवढंच विचारलं, "मला गावी परत पाठवतील का हो?" हे इथे जपानात गोदीत वेल्डर. तिकडे मी एकटी, इकडे हे एकटे, अशी चार वर्षं काढून मी आत्ता कुठे आले होते. शाळाही नववीतच सुटलेली. भाषा येत नाही.

आम्ही सेतोच्या समुद्राकाठी राहतो. हा समुद्र जमिनीने वेढलेला, काठावर कारखान्यांची धुराडी. मे महिन्यात कडक ऊन पडलं, वाराही नव्हता. म्हटलं, सांडगे घालायला असा दिवस मिळायचा नाही. दोन दिवस बाल्कनीत बसून कावळे हाकलले. नगरपालिकेच्या भोंग्यावर काहीतरी सांगत होते. मला वाटलं, नेहमीसारखं कोणी म्हातारं माणूस हरवलं असेल.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी छातीत शिट्टी वाजू लागली. एक वाक्य पुरं होईना.

हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला. मग स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायचं. आकडा फारच कमी आला.

केतकीताई इथल्या विद्यापीठात आहेत. बेटांवर डबे ठेवून हवेतून समुद्रात काय काय पडतं ते मोजतात. गणपतीत एकदाच भेटलेली ओळख, तरी यांच्या एका फोनवर आल्या.

"त्या दिवशी उन्हात काय करत होता?"

"सांडगे."

"अहो, सांडगे काय! भोंगा ओरडत होता, घरात बसा म्हणून!"

मग त्यांनी समजावलं. धुरावर कडक ऊन पडलं आणि वारा नसला, की हवेत ओझोन वायू तयार होतो. तो श्वासनळ्यांना सोलून काढतो. "तुमच्या वाळवणाला लागतं तेच ऊन त्यालाही लागतं." सांडग्यांवरच्या पांढऱ्या फडक्यावर धुराड्यांची काळी बारीक भुकटी बसली होती. सगळे फेकून दिले. फेकताना रडले.

पाचव्या दिवशी आकडा वाढला. डॉक्टर म्हणाले, "परत जायची गरज नाही. पण बरं वाटलं तरी इनहेलर बंद करायचा नाही." इनहेलर म्हणजे औषध श्वासाबरोबर ओढायचा पंप.

माझ्यासारखी कोणी इथे असेल तर तिने भोंग्यावरचे शब्द विचारून पाठ करावेत. लाजू नये. मी तर अजून ऊन चढलं की आधी भोंग्याकडे कान लावते.

ताई, पाचही दिवस तुम्ही सातव्या महिन्याचं पोट घेऊन हॉस्पिटलातल्या बाकड्यावर बसलात. तुमची आई आता नाही. मी इथेच राहणार आहे, तेव्हा तुमचं बाळंतपण मी करणार. सव्वा महिना तुम्हाला पाण्यात हात घालू देणार नाही.