ताईच्या सासऱ्यांचे तीन गठ्ठे

माणसाची खरी किंमत त्याच्या मार्कांवरून अगदी अपूर्णांकापर्यंत काढता येते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या ताईचा सासरा निघाला. घरीदारी सगळे त्यांना तात्या म्हणायचे. राहायला मुलुंडला आणि नोकरीला भांडुपच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात, हेडक्लार्क. आमच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत ते ताईला बघायला आले, तेव्हा पोह्यांची बशी खाली ठेवून त्यांनी मुलीला गाणं येतं का, शिवण येतं का, असलं काही विचारलं नाही. "मॅट्रिकची मार्कलिस्ट असेल ना घरात?" म्हणाले. बाबांनी ट्रंक उपसून ती काढली. तात्यांनी ती खिडकीशी नेऊन उजेडात वाचली आणि परत येऊन स्वतःच्या मुलाच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अंकगणितात चौऱ्याहत्तर. तुझ्यापेक्षा अकरा जास्त. मुकाट्याने हो म्हण." ताईचं लग्न हे असं ठरलं.

पुढे त्यांच्याकडे जाणंयेणं वाढलं तसे त्यांचे एकेक प्रताप कळू लागले. कुणाची ओळख करून देताना ते माणसाचं गाव, आडनाव, धंदा यातलं काही सांगत नसत. "हे आमचे शेजारी. संस्कृतमध्ये एकोणऐंशी, पण भूगोलात घसरले," असं सांगून मोकळे व्हायचे, आणि बिचारे शेजारी भूगोलाच्या आठवणीने पन्नाशीतही खाली बघायचे. एकदा त्यांना ताप आला. डॉक्टर घरी आले, तर जीभ दाखवण्याआधी तात्यांनी त्यांना कोणता क्लास मिळाला होता ते विचारून घेतलं. सेकंड क्लास निघाला. "मग औषध दोन दिवस जास्त घ्यावं लागेल," असं त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि तसं घेतलंही. जेवणातल्या पदार्थांनाही मार्क असत. आमटीला पासष्ट, भाताला पस्तीस, काठावर पास. ताईच्या सासूबाई वाढता वाढता शांतपणे मालवणीत म्हणायच्या, "मार्क ऱ्हवांदेत, आधी ताट रिकामा करा." हा त्यांच्या घरातला रोजचा संवाद होता.

हसू यायचं, पण या वेडाच्या मुळाशी काय होतं ते मला ताईनेच एकदा सांगितलं. तात्या शाळेत पहिले येत. वडील गेल्यामुळे कॉलेज राहिलं आणि मॅट्रिकचा कागद खिशात घालून ते कोकणातून मुंबईला आले. फोर्टातल्या एका ऑफिसच्या व्हरांड्यात तीन महिने रोज जाऊन बसायचे. जागा निघे, आणि दर वेळी ती कुणाच्या तरी भाच्याला किंवा मेहुण्याला मिळे. शेवटी एका अधिकाऱ्याने त्यांचा कागद हातात घेतला, मार्क वाचले आणि उद्यापासून या म्हणून सांगितलं. तेव्हापासून तात्यांचा जगात दुसऱ्या कशावर विश्वास उरला नाही. "मार्क बापाचे मिळत नाहीत, मामाचे मिळत नाहीत," ते म्हणायचे. "ज्याचे त्यालाच मिळतात. बाकी सगळा वशिला."

कारखान्यात इंजिनिअरची जागा निघाली की अर्ज तात्यांच्या टेबलावर यायचे. ते प्रत्येकावर नंबर घालून त्यांचे तीन गठ्ठे करत. फर्स्ट क्लासचा लाल फितीने बांधलेला, सेकंड क्लासचा पांढऱ्या नाडीने, आणि पास क्लासचा सुतळीने. प्रत्येक गठ्ठ्यात पुन्हा मार्कांप्रमाणे क्रम. अर्ध्या मार्काने दोघं मागेपुढे असले तर तात्या पुन्हा बेरीज करून बघत. मग ते तिन्ही गठ्ठे मोठ्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवत, लाल सर्वांत वर. सुतळीच्या गठ्ठ्यापर्यंत साहेबांना जायची वेळच येत नाही, असं ते आम्हाला अभिमानाने सांगायचे.

आणि मी नेमका सुतळीतला. इंजिनिअर झालो तो पास क्लासमध्ये. ऐन परीक्षेच्या आधी आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचं इंजिन बंद पडलं होतं. गिरणीवाला रडकुंडीला आलेला. मी बघायला म्हणून गेलो आणि आठ दिवस तिथेच तेलात बरबटून बसलो. इंजिन सुरू झालं, पेपर मात्र बसले. तात्यांना निकाल सांगायला गेलो तेव्हा त्यांनी निकालाचा कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "गल्लीचं दळण झालं रे, पण तुझी वाट लागली." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

दहा महिने मी नोकरीसाठी वणवण केली. त्यातच तात्यांच्या कारखान्यात जागा निघाली. आईने ताईपाशी शब्द टाकला, ताईने सासूबाईंपाशी, आणि सासूबाईंनी पान वाढताना तो तात्यांपाशी. पुढच्या रविवारी सकाळी स्वारी नकार द्यायला खास मुलुंडहून आमच्याकडे हजर. "विहीणबाई," ते आईला म्हणाले, "याचा अर्ज आला तर मी उघडीन, नंबर घालीन आणि जिथे त्याची जागा आहे तिथे ठेवीन. त्यापुढे माझ्याकडून काही होणार नाही. तुम्हाला राग आला तर येऊ द्या." आईला राग आलाच. चहा तिने दिला, पण बिनसाखरेचा. तात्यांनी तो पूर्ण प्यायला.

मी अर्ज केला. मार्कांबद्दल लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून गिरणीच्या इंजिनाची हकिगत लिहिली. आणि पंधरा दिवसांनी मला बोलावणं आलं. मोठे साहेब मला खुर्चीवर बसूच न देता थेट शॉपमध्ये, यंत्रं चालतात त्या शेडमध्ये, घेऊन गेले, एका बंद पडलेल्या पंपापुढे उभं केलं आणि म्हणाले, "बघ." मी बाह्या वर केल्या. दुपारी नेमणुकीचं पत्र हातात पडलं.

आमच्याकडे पेढे वाटले गेले आणि मुलुंडमध्ये तात्यांच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. जो तो त्यांना गाठून डोळे मिचकावी. "काय तात्या, शेवटी घरचं माणूस ते घरचं माणूस!" भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी अभिनंदन केलं. कारखान्याच्या शिपायाने आपल्या पुतण्याचं नाव हळूच त्यांच्या कानात सांगितलं. भूगोलात घसरलेल्या शेजाऱ्यांनी तर आंब्यांची करंडी पाठवली, कारण त्यांचा धाकटा त्या वर्षी डिप्लोमाला होता. तात्या ती करंडी स्वतः डोक्यावर घेऊन परत देऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच साहेबांच्या खोलीत शिरले.

तिथे काय झालं ते मला त्यांनीच सांगितलं. संध्याकाळी कारखान्याच्या फाटकापाशी माझी वाट बघत उभे होते. आम्ही मुलुंडच्या दिशेने चालू लागलो. चालता चालता तेच बोलू लागले.

"मी साहेबांना म्हटलं, हा मुलगा माझ्या सुनेचा भाऊ आहे. याला घेण्यात माझा हात आहे असं लोक बोलतात. तुम्ही तिन्ही गठ्ठे पुन्हा बघा आणि चूक झाली असेल तर दुरुस्त करा."

"मग?" मी विचारलं.

"साहेब म्हणाले, कसले गठ्ठे?" तात्या थांबले. "त्यात काही क्रम असतो हे त्यांना माहीतच नाही रे. फिती, नाड्या सगळं सोडून टाकतात म्हणे, आणि कागद एकत्र करून पत्त्यांसारखे पिसतात. मार्क बघतच नाहीत. कुणी हाताने काय केलंय तेवढं शोधतात. म्हणाले, तुम्ही बांधून छान देता, टेबलावर पसारा होत नाही."

"तात्या, मी नोकरी सोडू का?" असं काहीतरी मी खुळ्यासारखं विचारलं.

"वेडा आहेस काय? तुझी तू मिळवलीस. यात वशिला नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे?" मग जरा चालून गेल्यावर म्हणाले, "सोळा वर्षं बांधतोय रे मी ते गठ्ठे." त्या माणसाचं मला त्या क्षणी इतकं वाईट वाटलं की मिळालेल्या नोकरीचा आनंदही मला चोरीचा वाटू लागला.

त्यानंतर तात्यांनी कुणाला मार्क विचारणं सोडून दिलं. आमटीभात निमूट जेवू लागले. सासूबाईंनाच ते सहन होईना. "आज आमटीक किती?" त्या मुद्दाम विचारायच्या, आणि तात्या "बरी आहे" म्हणायचे. गठ्ठे मात्र ते बांधतच राहिले, पूर्वीच्याच काटेकोरपणे.

काही वर्षांनी, ते निवृत्त व्हायच्या वर्षी, पुन्हा एक जागा निघाली. मोठे साहेब आजारी होते, म्हणून अर्ज बघायचं काम माझ्याकडे आलं. तात्यांनी तिन्ही गठ्ठे माझ्या टेबलावर आणून ठेवले, माझ्याकडे न बघताच. मी लाल फीत सोडली आणि पहिल्या अर्जापासून ओळीने, तिन्ही गठ्ठे त्यांच्याच क्रमाने वाचून काढले. तीन दिवस लागले. मग निवडक मुलांना बोलावलं, शॉपमध्ये नेलं, आणि एकाला घेतलं.

त्या संध्याकाळी मी मुलुंडला गेलो. तात्या ओट्यावर बसले होते.

"कोण?" त्यांनी विचारलं.

"लाल गठ्ठ्यातला तिसरा. बाणकोटकडचा आहे. वडील नाहीत. मुंबईत ओळखीचं कुणी नाही."

"गणितात अठ्ठ्याऐंशी," तात्या ताबडतोब म्हणाले. कागद समोर नव्हता. "चिठ्ठी कुणाची होती?"

"कुणाचीच नाही."

"मग कशावर घेतलास?"

"मार्कांवर," मी म्हणालो.

तात्या ओट्यावरून उठले. मग आत वळून सासूबाईंना जोरात म्हणाले, "ऐकलंस का? मार्कांवर घेतला!" आणि मला जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून बजावलं. हा मुलगा सुटीत गावच्या लाँचवर राबायचा, तिचं इंजिन त्याने दोनदा उघडून बसवलं होतं आणि मी त्याला त्या हातच्या कामासाठीच घेतला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही. मार्कही खरेच होते, असं मनाशी म्हणत मी त्यांच्या शेजारी पाटावर बसलो. ताईने वाढलं, आणि तात्या कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.