समुद्राचं ताट, बोरी अरबच्या चटण्या

भाचीने फोनवर एवढंच सांगितलं, "मावशी, मासे मी पाहते, चटण्यांचं तू पाह्य. पण भाषण देऊ नको." मी त्याच क्षणी जायचं ठरवलं. अट मान्य केलेली नव्हती, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

प्रज्ञा चार वर्षं गोव्याच्या एका हॉटेलात स्वयंपाक करून यवतमाळजवळच्या बोरी अरबला परतली आहे. घराच्या रस्त्याकडच्या खोलीत तिला खानावळ काढायची आहे, तीही समुद्री मासळीची. सुरमई, झिंगे, माकूळ म्हणजे स्क्विड आणि शिंपल्या एकाच ताटात आणि सोबत चार सॉस. तिचे वडील म्हणजे माझे भाऊजी, निवृत्त मुख्याध्यापक. तीच खोली गावातल्या एका खतविक्रेत्याला दुकानासाठी हवी होती. भाऊजींनी स्वभावाला धरून परीक्षा ठेवली. रविवारी दुपारी ते आणि खतवाले जेवतील आणि हात धुऊन झाले की खोली कोणाची ते भाऊजी सांगतील. फेरपरीक्षेची सोय नव्हती.

माझी भूमिका मी जिल्हाभर सभांमधून मांडत आले आहे. बाटलीतला लाल सॉस आणि बाटलीतला पांढरा सॉस ही आपल्या लाचारीची दोन निशाणं आहेत. जवस, तीळ, कवठ, अंबाडी आपल्या मातीत पिकतात आणि आपण लग्नात पाहुण्यांना मेयोनीज वाढतो! समुद्र यवतमाळला येणार असेल तर त्याने इथली चटणी खावी, असं माझं स्वच्छ मत होतं.

प्रज्ञाने नागपूरहून बर्फात मागवलेली मासळी मी शनिवारी माझ्याकडे यवतमाळला उतरवून घेतली. हा शौक स्वस्त नाही. चौघांच्या ताटाच्या पैशात एका घराचा आठवड्याचा किराणा येतो. रविवारी सकाळी दारव्ह्याकडे जाणारी एसटी पकडली. तासाभराचा रस्ता, बायकांना अर्धं तिकीट, आणि माघ महिना असल्याने खिडकी उघडी ठेवता येते. माझ्या शेजाऱ्यांना ती ठेवावीच लागली.

"मावशी, डब्यात काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"समुद्र."

"तुमचा समुद्र टपकून राह्यला ना! पायाखाली घ्या त्याले."

तुम्हीही असाच बेत करणार असाल तर डब्याखाली पोतं अंथरा. विचारांची पूर्वतयारी मी पुष्कळ केली होती, पोत्याची राहिली.

बोरी अरबला उतरून तडक स्वयंपाकघरात शिरले. भाजलेला जवस, लसूण आणि तिखट दह्यात कालवून माझी पहिली चटणी तयार झाली. मी बोटाने चाखली. अप्रतिम.

"नुसती कायले चाखतेस?" प्रज्ञा म्हणाली. "माशासोबत चाख." तिने तव्यावरून माकुळाचं एक कडं उचलून चटणीत बुडवलं आणि माझ्या तोंडात घातलं. जवस लागला. मग पुन्हा जवसच लागला. माकूळ कुठे गेलं ते कळलं नाही. सभेत असं झालं की आपण त्याला यश म्हणतो. प्रज्ञाने वाटी बाजूला सारली.

मग निवड तिच्या जिभेने झाली. शिंपल्या खारट, म्हणून त्यांना कवठ, गूळ आणि हिरवी मिरची. सुरमई तेलकट, तिला लाल अंबाडीच्या फुलांचा आंबटपणा. माकूळ मवाळ, त्याला तीळ आणि लसूण घातलेलं दही. झिंग्यांसाठी मात्र तिने अंड्याचा बलक घेतला आणि थेंब थेंब शेंगदाण्याचं तेल सोडत घोटू लागली.

"हे मेयोनीज आहे," मी म्हणाले.

"हो."

"माझ्या बहिणीच्या घरात?"

"अंडी तुझ्या बहिणीच्याच कोंबडीची हायेत."

भाऊजी आणि खतवाले जेवायला बसले. पंगतीत मीठ, चटणी, लोणचं आधी येतं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. प्रज्ञा तव्याशी होती. मी चारही वाट्या आणि ज्वारीची गरम भाकर दोघांपुढे ठेवली.

"हे पांढरं काय हाय वं? झकास हाय," भाऊजी म्हणाले. ते मेयोनीज होतं. मी नाव सांगितलं नाही.

"घ्या न जी अजून," म्हणत मी उरलेलं सगळं वाढलं. दोघांनी भाकरीने वाट्या पुसून काढल्या.

तेवढ्यात प्रज्ञा मासळीचं ताट घेऊन आली. तिने वाट्यांकडे पाहिलं.

"मावशी, काय केलं हे?"

"वाढलं."

भाऊजींनी माकुळाचं कोरडं कडं उचललं, बराच वेळ चावलं. "रबर हाय का हे?"

"मास्तर, फवारणीच्या पंपात वायसर म्हणून बसते," खतवाले म्हणाले आणि दोघं मनापासून हसले.

प्रज्ञा हसली नाही. चार वर्षं तिने ज्या खोलीचा विचार केला, ती माझ्या वाढण्यामुळे हातची चालली होती. तिने ताट उचललं आणि आत गेली. मी दोघांसमोर उभी राहिले, घसा साफ केला. थोरल्या बहिणीने माझा हात धरून मला खाली बसवलं.

झिंग्यांची डोकी आणि टरफलं मी मांजरासाठी बाहेर ठेवली होती. प्रज्ञाने ती परत नेली. धुऊन, गरम तेलात लाल होईपर्यंत परतली. लसूण, मिरची, शिंपल्यांचं सुटलेलं पाणी आणि पाट्यावर चिकटून राहिलेली अंबाडी. सगळं पळीने दाबून गाळलं, उकळून दाट केलं. दहा मिनिटांत तो तांबडा रस गरम मासळीवर ओतून ताट पुन्हा बाहेर आलं.

या वेळी दोघांनी शिंपल्यासुद्धा चोखून काढल्या. ताट रिकामं झाल्यावर खतवाले म्हणाले, "मास्तर, माझे पोते मी बाजाराकडं ठेवतो. खोली पोरीले द्या."

"खोलीचा मालक मी हाय. निकाल मी देईन." भाऊजींनी हात धुतले, सावकाश पुसले. "प्रज्ञा, पुढची खोली झाडून घे."

"म्हणजे, बाबा?"

"म्हणजे झाडून घे! गोव्याले जाऊन मराठी विसरली का?"

संध्याकाळच्या एसटीने यवतमाळला परतले. डबा रिकामा होता, वास भरलेला. बाटल्यांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण चटणी कोणत्या मातीची हे विचारण्याआधी ती कोणत्या माशाची हे विचारावं, एवढं मात्र माझ्यासोबत घरी आलं आणि अजून गेलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात महिलांच्या एका सभेत मी "आपलं अन्न" या विषयावर बोलले. जवसाचा परिच्छेद गाळला आणि मी चार वाट्या कशा वाया घालवल्या ते सांगितलं. बाया पोट धरून हसल्या. मग एकीने खानावळीचा पत्ता मागितला.

"दारव्हा रोड, बोरी अरब," मी म्हणाले. "मास्तरांची पुढची खोली."

ती लिहून घेत होती. मी तिला थांबवलं. "खोड ते. प्रज्ञाची खोली लिही."