बेंदराच्या दिवशी टाकीवर

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव सांगलीच्या घाटावरून कृष्णेत सोडले. त्यांच्याबरोबर भुतंही वाहून गेली, असं आमचे वडील म्हणायचे. अंगात येणं, करणी, भानामती... असलं कुणी बोलायला लागलं की मी उठून चहा ठेवायला जाते. त्यात शिक्षण मायक्रोबायॉलॉजीचं. त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्याचा सगळ्यात जास्त राग मलाच येतो. पण त्यात माझ्या दोन खोट्या सह्या आहेत, आणि त्या आता सांगून टाकायच्या आहेत.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. लोणंद-खंडाळा रस्त्यावर औषधाचा एक कारखाना होता, नाव सांगत नाही. तिथे अँटिबायोटिक तयार व्हायचं. त्याचं सांडपाणी साफ करायचा जो विभाग असतो - ईटीपी म्हणतात - तिथे मी केमिस्ट होते. लोणंदला खोली घेऊन राहायचे, महिन्यातून एकदा सांगलीला घरी.

आता हे काम कसं चालतं ते दोन वाक्यांत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सांडपाणी खाऊन साफ करतात ते जंतू. मोठ्या टाकीत त्यांना पाळायचं, एरेटर नावाच्या मोटरीच्या पंख्यानं पाणी घुसळून हवा द्यायची, चारा कमी पडला तर गूळसुद्धा घालायचा. पण आमच्या पाण्यात अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारायचंच औषध! ते सरळ टाकीत सोडलं तर सगळा कळप मरणार. म्हणून आधी ते पाणी एका उभ्या नळकांड्यातून सोडायचं. त्यात साबुदाण्याएवढे मणी भरलेले, आणि मण्यांच्या आत कोंडलेलं एन्झाइम. ते औषधाचे तुकडे करतं, मग उरलेलं जंतू खातात. हे मणी मी स्वतःच्या हातानं पाडायचे, थेंब थेंब. काम चोख, पण सावकाश. आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरना, इनामदार साहेबांना, हा सावकाशपणा अजिबात खपायचा नाही.

ही टाकी आणि हे मणी यायच्या आधी पाणी नुसतं चुना मारून ओढ्यात सोडत होते. ओढ्याच्या पाण्याचा रिपोर्ट मी लिहायचे. एका आठवड्यात आकडे वाईट आले. साहेबांनी नवा कागद पुढे केला, "ठीक आहे" असं लिहिलेला. नोकरीला पाच महिने झाले होते. मी सही केली. ही पहिली.

चार दिवसांनी ओढ्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बाबूरावांचा बैल, हौश्या, आजारी पडला. बैल रवंथ करतो तो पोटातल्या जंतूंच्या जिवावर. ते जंतू आमच्या औषधानं मेले. रवंथ थांबलं, पोट टम्म फुगलं, आणि तिसऱ्या दिवशी हौश्या मेला.

वस्तीवरच्या लोकांनी ते धूड ट्रॅक्टरला बांधून कारखान्याच्या गेटवर आणून टाकलं. दगडफेक झाली. वॉचमनचं डोकं फुटलं. मग पोलिसांनी लाठ्या चालवल्या, त्यात बाबूरावांचा हात मोडला. मी लॅबच्या खिडकीतून बघत होते. धुडावर माश्या घोंघावत होत्या आणि त्या धुडाला मिठी मारून एक माणूस लाठ्या खात होता. मला माझी सही आठवत होती. बाहेर जायचं धाडस मात्र झालं नाही.

त्या राड्यानंतर कंपनीनं घाईघाईनं नवी टाकी बांधली, मण्यांच्या कामाला परवानगी दिली आणि बाबूरावांचं तोंड बंद करायला त्यांना ईटीपीवर ऑपरेटर म्हणून घेतलं. पन्नाशीचा, फौजेतून आलेला, कमी बोलणारा माणूस. मला वाटलं होतं हा आता आमचं वाटोळं करणार. पण त्यांनी त्या टाकीची जी काळजी घेतली तशी मी आजवर कुणी घेतलेली पाहिली नाही.

नव्या टाकीला विरजण लागतं, दुधाला लागतं तसंच. त्याला शेण वापरतात. मी बाबूरावांना दहा पाट्या शेण आणायला सांगितलं. त्यांनी आणलं, कालवून टाकीत ओतलं, आणि महिन्याभरात टाकी अशी लागली की मी खूश! एक दिवस सहज विचारलं, "शेण कुठलं होतं हो?"

"हौश्याचं," ते म्हणाले. "आजारी पडायच्या आधीचं, उकिरड्यावर व्हतं. दुसरा बैल इकला, मॅडम. मग दुसऱ्याच्या दारातलं कशापायी आणू?"

मी शास्त्र सांगितलं, की पोटातले जंतू असे उघड्यावर टिकत नाहीत, टाकीत वाढतात ते वेगळे. त्यांनी मान हलवली. पण त्या दिवसापासून सकाळी आल्या आल्या टाकीच्या कठड्यावर थाप मारून "काय गड्या, बरं हाय न्हवं?" म्हणायचे, ते काही थांबलं नाही. मी चिडवायचे, ते हसायचे.

आणि मग आषाढातला बेंदूर आला.

बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत म्हणजे नाहीत. बाबूराव सकाळी हळद, तूप आणि पुरणपोळी घेऊनच ड्युटीवर आले.

"मॅडम, आज जित्राबाला जुपत न्हाईत. टाकीला आज सुट्टी द्या."

मी म्हटलं, "बाबूराव, टाकी आहे ती!"

"व्हय, टाकीच हाय. पर आज बेंदूर हाय."

शेवटी अर्ध्या तासावर तडजोड झाली. तेवढा वेळ हवा बंद राहिली तर जंतूंना काही होत नाही. आमचा एक नियम होता. एरेटरला हात लावायला कुणी टाकीवरच्या लोखंडी पुलावर गेलं की त्याचे तिन्ही फ्यूज काढायचे आणि दुसऱ्यानं ते खिशात ठेवायचे, म्हणजे चुकून कुणी मोटर चालू करू शकत नाही. मी फ्यूज काढून एप्रनच्या खिशात टाकले आणि त्यांच्या मागोमाग पुलावर गेले. हे लक्षात ठेवा. बाबूरावांनी पान्यानं पंख्यावरची जाळी सोडवून बाजूला ठेवली, दांड्याला हळद-तूप चोळलं, पुरणपोळी कठड्यावर ठेवली. दुपारचे बारा वाजले असतील. स्वच्छ ऊन होतं.

तेवढ्यात इनामदार साहेब धाडधाड जिना चढून पुलावर आले. सकाळी त्यांची एक बॅच फसली होती. सगळी हौदात पडून, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीला माणसं येणार होती.

"मण्यांतून नको, सरळ टाकीत घ्या."

मी म्हटलं, "साहेब, टाकी मरेल. मग सगळं जसंच्या तसं ओढ्यात जाईल. वस्तीवरची जनावरं तेच पाणी पितात."

"जनावरांचं मला सांगू नका! आणि हे काय लावलंय?" त्यांचं लक्ष हळदीकडे गेलं. "एरेटर बंद ठेवून पूजा?" त्यांनी बाबूरावांच्या खाडकन कानाखाली मारली आणि पुरणपोळीला लाथ घातली. ती टाकीत पडली.

बाबूरावांनी पान्याचा हात वर उचलला. त्यांचे डोळे मी पाहिले. त्या क्षणी तिथे खून झाला असता. मी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं आणि सगळा जोर लावून धरून ठेवलं. साहेब तिकडे पुलाच्या टोकाला गेले आणि हौदातलं पाणी टाकीत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं चाक फिरवायला लागले.

"साहेब, पाया पडतो," बाबूराव ओरडले. "एकदा मारलाय त्याला. आज नका, आज बेंदूर हाय!"

चाक अर्धं फिरलं असेल. पिवळट पाणी टाकीत पडायला लागलं.

...आणि वास बदलला. टाकीचा वास मला पाठ होता, ओल्या मातीचा. हा गोठ्याचा होता. मूत, कडबा, घामेजलेलं जनावर. पायाखालची लोखंडी जाळी दणाणली, काहीतरी जड पळत येतंय तशी. पुलावर आम्ही तिघंच आणि तिघंही जागेवर उभे. माझ्या मानेवर गरम श्वास आला, एकदम जवळून. तो तिथे थांबला. किती वेळ, सांगता येणार नाही. मग मला असा धक्का बसला की माझा खांदा कठड्यावर आपटला, पण बाबूरावांचं मनगट मी सोडलं नाही.

साहेब जागेवरून उचलले गेले. दोन्ही पाय अधांतरी. त्यांना कुणी धरलेलं नव्हतं. ते कठड्यावर आदळले, जाडजूड पाइपाचा कठडा बाहेर वाकला, ते खाली पडले आणि परत उचलले गेले. दुसऱ्या वेळी बरगड्या मोडल्याचा आवाज आला. तोंडातून रक्त आलं, शर्ट फाटला, कुशीतून रक्ताची चिळकांडी उडाली ती खालच्या फेसावर. ते किंचाळत होते, "धरा! धरा त्याला!" तिसऱ्यांदा ते उताणे पडले आणि अख्खा पूल दाबला गेल्यासारखा खाली वाकला. त्यांच्या छातीवर काहीतरी उभं होतं. दिसत काहीच नव्हतं, पण शर्ट खाली दबत होता.

"हौश्याऽऽ!" बाबूरावांचा आवाज फाटला. "हो... हो... बस्स, माझ्या राजा... हो..."

औत थांबवताना म्हणतात तसं. आणि ते थांबलं. शर्ट वर आला. वास गेला.

मी मनगट सोडलं तसं बाबूरावांनी धावत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला. तोवर आरडाओरडा ऐकून माणसं जिन्यावर आली होती. त्यांना दिसलं ते एवढंच. साहेब रक्तात, बाबूरावांच्या हातात पाना आणि साहेब पुटपुटताहेत "धरा त्याला". झालं! त्यांनी बाबूरावांना खाली ओढून लाथांनी तुडवलं. मी ओरडत होते, कुणी ऐकेना.

मग मी काय केलं? मी पॅनलकडे पळाले, खिशातले तिन्ही फ्यूज जागेवर बसवले आणि बटण दाबलं. पंखा घरघरत फिरायला लागला. "सोडा त्यांना!" मी म्हटलं. "साहेब एरेटरमध्ये सापडले. मी बघितलंय." पोलिसांनी तरी बाबूरावांना नेलंच, आणि दोन दिवस चौकीत मारलं. तिसऱ्या दिवशी मी जबाब लिहून दिला, की जाळी काढलेली असताना साहेब चालू पंख्यात ओढले गेले. ही दुसरी सही. साहेब शुद्धीवर आले आणि त्यांनी काही आठवत नाही एवढंच सांगितलं. बाबूराव सुटले. साहेब परत कारखान्यात आले नाहीत.

जबाबाच्या आदल्या दिवशी मी साहेबांना बघायला साताऱ्याला दवाखान्यात गेले होते. डॉक्टर जखम दाखवत म्हणाले, "ही इथली आरपार खोल. दुसऱ्या बाजूला नुसता मुका मार. मोडक्या शिंगाचा बैल आहे."

मी म्हटलं, "एरेटर होता."

"मॅडम, मी खेड्यातला आहे. आमच्याकडे दर वर्षी दोन-तीन तरी असे येतात." पण त्यांनी पुढे वाद घातला नाही.

मी हौश्याला जिवंतपणी पाहिलं नव्हतं, आणि गेटवर खिडकीतून नुसतं धूड दिसलं होतं. बाबूराव कामावर परत आले, तोंड काळंनिळं झालेलं. मी विचारलं, "हौश्याची शिंगं कशी होती?"

"उजवं झ्याक. डावं मोडल्यालं, ल्हानपनीच." ते टाकीकडे वळले. मी सकाळीच तिच्यातला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. सगळं जिवंत होतं, नुसतं वळवळत होतं.

मग ते म्हणाले, "येक इचारू, मॅडम? सायबाला मारलं. बरं झालं. पर मला का न्हाई मारलं त्यानं? वड्यावर पानी पाजाया तर मीच नेलता. त्याला पानी पिवू वाटंना, त्वांड फिरवीत हुता. मीच कासरा वढला... 'पी की रं' म्हनलं."

ते रडायला लागले. फौजेतला माणूस, कठडा धरून, तोंड उघडं ठेवून रडत होता. त्यांना माझी पहिली सही माहीत नव्हती. तेव्हा सांगायला हवी होती. मी नुसतं पाणी आणून दिलं. बाबूराव आता नाहीत.

फ्यूज माझ्या खिशात होते, बाबूरावांचं मनगट माझ्या हातात होतं. मग साहेबांना कुणी मारलं? पण त्याहून जास्त मला दुसरंच छळतं. तो श्वास आधी माझ्याच मानेवर येऊन थांबला होता. त्यानं मला हुंगलं, नीट हुंगलं, आणि सोडून दिलं. ओढ्याच्या कागदावरची सही तर माझीच होती.