बावखलाचं फाटक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, फादरांपुढे गुडघे टेकले तेव्हाही नाही — तिथे रागाची, आळसाची पापं मोजत बसलो आणि हे एवढं गिळून उठलो. तुम्हाला सांगतो. पण आधी आमचा नाताळ बघा, म्हणजे मी काय गिळलं ते कळेल.

वटारला आमची वाडी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी बोळिंजचा भाऊ, गोखिवऱ्याची बहीण, सगळे पोराटोरांसह उतरतात. यंदा अकरा मुलं होती! फ्लॅटमध्ये वाढलेली ही मंडळी अंगणात आली की सुटलेली वासरंच. त्यांच्या आधी मी घराचा बंदोबस्त करतो. कोयते माळ्यावर, रोषणाईच्या वायरींना टेप, नेवऱ्यांची कढई आतल्या चुलीवर. आणि मागचं बावखल — वाडीला पाणी देणारं आमचं जुनं तळं — त्याच्या फाटकाला कुलूप. घरचे मला ‘सेफ्टी ऑफिसर’ म्हणतात. आवडतं मला. खोटं कशाला बोलू?

कुलूप असूनही त्या फाटकाशी खुर्ची टाकून बसते माझी थोरली बहीण, फिलूबाय. लग्न केलं नाही तिने, आमच्यातच असते. मुलं तिला ‘वॉचमन आजी’ म्हणतात, ओंजळीत नाताळची गोड कलकलं नेऊन देतात, आणि ती खोटा दंडुका उगारून त्यांना पळवते. ओटीवर गाणी सुरू झाली की तिथूनच सूर लावते — बेसूर, पण जोरात. आम्ही हसतो, तीही हसते. फक्त नाताळगोठ्याचे, म्हणजे बाळ येशूच्या देखाव्याचे, दिवे लागतात तेव्हा ती गोठ्यापाशी नसते. एकोणीस वर्षं नाही.

का नसते? इथेच माझी जीभ अडते.

एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या आळीत गोठ्यांची स्पर्धा होती. पहिला नंबर मलाच हवा होता — वेडच लागलं होतं म्हणा ना! डोंगर केला, आरशाचं तळं केलं, त्यात प्लास्टरचं बदक सोडलं. शेवाळ कमी पडलं, म्हणून बावखलावर गेलो. तेव्हा फाटक बांबूचं होतं, तारेचा फास खुंट्यावर अडकवायचा. दोन टोपल्या भरल्या, हात मोकळे नव्हते, आणि तिसरी खेप करायचीच होती — फास तसाच सोडला. तेवढ्यात परीक्षक वेळेआधीच आले. तिसरी खेप राहिली.

मी त्यांना आरशाचं तळं दाखवत होतो आणि मागे धप्पकन आवाज झाला.

भावाची जेनी, चार वर्षांची. बदकाला खरं पाणी दाखवायला घेऊन गेली होती! मी नव्या पँटीनिशी उडी मारली. वर काढली तेव्हा पोर चिखलाने माखलेली, खोकत होती, आणि मुठीत बदक. पहिला प्रश्न काय विचारावा? “ह्याला पोहता का येत नाही?” सगळे रडता रडता हसले. काय आनंद होता तो! मी तिला छातीशी धरून अंगणभर नाचलो. तो आनंद खरा होता, त्यात एक कणही खोटा नव्हता.

मग कुणीतरी विचारलं, “फाटक कोनी उघडं ठेवलं?”

मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगतो — नाही, शपथ नको. उघडलं होतं, एवढंच. तेवढ्यात फिलूबाय म्हणाली, “मीच इसरले वाटतं. दुपारी भांडी धुवाया मीच गेलते.”

तिने फास नीट अडकवला होता. तो काढताना माझं बोट कापलं होतं. ती खूण अजून आहे. मी गप्प राहिलो. का? सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते. दुसरं कारण नाही. गोठ्याला दुसरा नंबर मिळाला.

त्या रात्रीपासून आमच्या घरात केकचा पहिला तुकडा माझा. आणि त्या रात्रीपासून फिलूबायचा स्वतःवर विश्वास नाही. गॅस तीनदा बघते, कडी चारदा. एकटीच्या जबाबदारीवर कुणाचं तान्हं मांडीवर घेत नाही.

यंदा जेनी आली, तिचा मुलगा घेऊन. तोही चार वर्षांचा, खिशात तेच बदक, चोच तुटलेलं! घर नुसतं खिदळत होतं. केक कापला. आज सांगायचंच, असं ठरवून मी फाटकाकडे गेलो, तर फिलूबाय उठून समोर आली. हातात बशी. पहिला तुकडा तिने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडापुढे धरला. डोळे भरलेले, चेहरा हसरा.

“तू व्हतास म्हनून,” ती म्हणाली. “नायतर माझ्या हातून पोर गेली असती.”

मी तोंड उघडलं, आणि केक खाल्ला.