नववी ओळ

नरसय्या गेल्याचं त्याच्या नातीनं, श्रावणीनं, फोनवर सांगितलं तेव्हा मला आधी वाटलं, सुटलो. महिना झाला त्याला. रडू नंतर आलं, पण पहिलं काय आलं ते मला ठाऊक आहे...

सोलापुरात चादरीच्या कारखान्यात आम्ही दोघांनी जन्मभर जकार्डच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली. त्या भोकांवरून माग नक्षी विणतो. भोक चुकलं की चादर चुकली. मी चौथी शिकलेला, पण माझं भोक चुकलं असं कुणी दाखवून द्यावं.

सत्तरी ओलांडल्यावर नरसय्या श्रावणीकडून कॉम्प्युटरची पायथन भाषा शिकायला लागला. मी म्हणालो, "काय करायलास बे या वयात?"

"लई सोपं हाय. मागावर पुठ्ठ्यांची माळ फिरती की, तसंच. हितं त्याला लूप म्हणतात. बस, तुला पण शिकवतो."

बसलो. एक कंस टाकायचा राहिला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली. श्रावणी हसली, वाईट मनानं नव्हे. मी चपला घालून निघून आलो.

चार दिवसांनी नरसय्या वही घेऊन माझ्या घरी. आमच्या चादरीच्या जुन्या काठावरचा मोर त्याला पडद्यावर उमटवायचा होता, भोकाला फुली, कोऱ्या जागेला टिंब. नक्षीचा मूळ कागद कधीच गेला होता. मोर फक्त माझ्या डोक्यात उरला होता. मी एकेक ओळ सांगत गेलो, तो लिहीत गेला. नवव्या ओळीत मानेची भोकं दोन घरं सरकवून सांगितली. मुद्दाम.

मोर मानेत मोडला. तो रोज फोन करायचा. "माझंच कायतरी चुकायलंय बे." मी म्हणायचो, "शीक अजून." उद्या सांगू, उद्या सांगू... करता करता तो दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाही.

तेराव्यानंतर श्रावणीनं वही माझ्यापुढं ठेवली. "आजोबा, कुठं चुकलंय बघा की. तातांचं तेवढं राहून गेलं." नरसय्याला ती ताता म्हणायची. त्यानं स्वतः रचलेल्या पायथनच्या प्रत्येक ओळीवर खाडाखोड, प्रश्नचिन्हं. मी सांगितलेल्या मोराच्या ओळींवर दुरुस्तीची एक रेघ नव्हती.

नववी ओळ मी नीट सांगितली. तिनं टाकली. मोर मान ताठ करून उभा राहिला.

"काय चुकलं होतं त्यांचं?"

"त्याचं काही चुकलं नव्हतं," एवढंच मला बोलता आलं. बाकीचं इथं लिहिलंय. श्रावणी ही रविवारची पुरवणी वाचते.